गाण्याचा दाखला

"तास्या, दार लाव आणि इथे येऊन बस. हे ऐक आणि मला खरं सांग."

मी दार लावलं. अग्निया पेत्रोव्नांनी पियानोचं डावं पेडल दाबून धरलं, म्हणजे आवाज भिंतीपलीकडे जाऊ नये, आणि ती आठ आवर्तनं पुन्हा वाजवली. सकाळपासूनची ती चौथी-पाचवी वेळ असावी. अंगात दोन स्वेटर असूनही त्यांची बोटं निळसर दिसत होती. खोलीत हीटर चांगला तापलेला होता.

"कसं वाटलं?"

"छान वाटलं."

"पाय हलला का तुझा?"

मी खाली बघितलं. "हलला असेल थोडा."

"तीच तर पंचाईत आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पियानोचं झाकण बंद केलं.

एकोणीसशे एकोणपन्नास सालचा मार्च महिना होता. लेनिनग्राडच्या रस्त्यांवर बर्फाचा नुसता चिखल झाला होता. मी आमच्या सिनेमा स्टुडिओत टाइपिस्ट होते आणि अग्निया पेत्रोव्ना संगीत-संपादक होत्या. नाव मोठं असलं तरी काम कारकुनीच. सिनेमात जाणारी प्रत्येक चाल तपासायची आणि ती चालेल की नाही याचा दाखला लिहून द्यायचा. पंधराव्या वर्षी त्या रिबिन्स्क गावच्या थिएटरात मूकपटांपुढे पियानो वाजवायला बसल्या, तेव्हापासून सिनेमा आणि गाणं सोडून त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. नवरा युद्धात जर्मनांनी शहराला घातलेल्या वेढ्याच्या पहिल्या हिवाळ्यात भुकेने गेला. मूलबाळ नव्हतं. दुपारी कोबीची कचोरी आणि ग्लासभर चहा, सहाला ट्राम, असं त्यांचं आयुष्य.

पण त्या वसंतात असं साधं आयुष्यही कुणाच्या हातात राहिलं नव्हतं. वर्तमानपत्रांतून रोज नवी नावं यायची. हा परदेशी वळणाचा, त्याला मुळंच नाहीत, त्याच्या संगीताला विलायती दर्प येतो. जाझ हा शब्द तर कुणी तोंडातून काढत नव्हतं. आमच्या वाद्यवृंदातल्या ग्लेबला सॅक्सोफोन घरी नेऊन ठेवायला सांगितलं आणि कागदोपत्री त्याला बासून वाजवणारा केलं. बिचारा बासून मांडीवर घेऊन बसायचा आणि ते कुठल्या टोकाने फुंकतात ते शेजाऱ्याला विचारायचा. आम्ही हसायचो, पण हसताना दाराकडे बघायचो. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की टाइप करताना माझं एक अक्षर हमखास चुकायचं.

आता दाखल्याचा नवा छापील नमुना आला होता. त्यात तीन प्रश्न होते. गाण्यात जाझचा प्रभाव आहे काय? असल्यास कोणकोणत्या आवर्तनांत? त्यास जबाबदार कोण?

पियानोवर होतं ते गाणं आमचे संगीतकार वेन्यामिन इसाकोविच यांचं होतं. सिनेमा व्होल्गा नदीवरच्या एका नावेचा, हसतखेळत चाललेला. त्यातली तिकीट फाडणारी पोरगी उतारूंची वाट बघत हे गाणं म्हणते. वेन्यामिन इसाकोविचांचं नाव त्या महिन्यात वर्तमानपत्रात दोनदा येऊन गेलं होतं. तिसऱ्यांदा नाव आलं की पुढे माणूसच दिसेनासा होतो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. हे गाणं जाझ ठरलं तर ते तिसरं असणार होतं.

"नेमकं काय वाईट आहे त्यात?" मी विचारलं.

"वाईट काहीच नाही गं. हे बघ." त्यांनी झाकण पुन्हा उघडलं. "गाणं सगळं शुद्ध गंधारात चाललंय, आपल्या साध्या रशियन गाण्यासारखं. आणि सातव्या आवर्तनात ती पोरगी गंधार खाली ओढते. नीट कोमलही करत नाही. दोन्हींच्या मधे कुठेतरी लोंबकळत ठेवते. आणि ही तुतारी. तोंडावर बोळा लावलेली. ती पोरीला उत्तर देते, पण वेळेवर देत नाही, अर्धी मात्रा उशिरा देते, मुद्दाम, मस्करी केल्यासारखी. म्हणून तुझा पाय हलला."

"म्हणजे आहे जाझ."

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "आहे. बहिऱ्यालाही कळेल."

वेन्यामिन इसाकोविचांनी ते कुठून उचललं हेही आम्हाला माहीत होतं. युद्धात जर्मनांकडून जिंकून आणलेले अमेरिकन सिनेमे गावभर लागले होते. ते बघायला परवानगी होती, पण त्यांच्यासारखं वाजवायला नव्हती.

मग त्यांनी उठून कपाटातून एक जाड वही काढली. चौतीस साली त्या एका पथकाबरोबर कॉकेशसच्या डोंगरांत लोकगीतं गोळा करायला गेल्या होत्या, त्या वेळची ती वही होती. पानं चाळता चाळता त्या एका पानावर थांबल्या, वही पियानोवर उभी केली आणि एका हाताने वाजवू लागल्या.

मला वाटलं, त्या तेच गाणं वाजवताहेत.

"हे नाही ते," त्या म्हणाल्या. "बायका लोकर अंथरून त्यावर गरम पाणी ओततात आणि कोपरांनी मळतात, तिचं जाड कापड व्हावं म्हणून. मळताना म्हणायचं हे गाणं. कोपर आधी पडतं आणि सूर मागून येतो, दम लागतो ना म्हणून. आणि गंधार बघ. तसाच लोंबकळतो. त्या बायकांनी अमेरिकेचं नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं, तास्या."

आणि त्या हसल्या. महिन्याभरात त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. एक वर, तीन खाली, मधे कार्बन. सदर गाण्यात जाझचा प्रभाव नाही. सातव्या आवर्तनातील उतरलेला गंधार आणि तालातील विलंब यांचे मूळ काराचाय जनतेच्या श्रमगीतात आहे. सोबत परिशिष्ट म्हणून मूळ टिपणाचे पान. त्यांनी पान वहीतून पात्याने अलगद कापून दिलं. मंगळवारी कलामंडळाची बैठक झाली, दाखला मोठ्याने वाचला, परिशिष्ट हातोहात फिरलं आणि गाणं मंजूर झालं. आमचे संगीत विभागाचे प्रमुख पोर्फिरी कुझमिच, जुने लष्करी बँडवाले, गडी दांडगा पण उंदराच्या काळजाचा, त्यांनी दाखल्यावर सही ठोकली आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "श्रमगीत! ही बाई सोन्यात मढवून ठेवली पाहिजे."

बुधवारी दुपारी मी जावक वहीत नोंद करायला बसले. मॉस्कोची टपालथैली पाच वाजता बंद व्हायची, आणि मूळ दाखला लिफाफ्यातून सकाळीच तिकडे गेला होता. टाइपिस्ट कागद वाचत नाही, तिची बोटं वाचतात, त्यामुळे परवा काय टाइप केलं ते मला धड आठवत नव्हतं. नोंदीसाठी विषय बघायला म्हणून मी चौथी प्रत उचलली आणि पहिल्यांदा डोळ्यांनी वाचली.

काराचाय.

मी प्रत टेबलावर पालथी घातली.

माझी नणंद कॉकेशसच्या पायथ्याशी किस्लोव्होद्स्कच्या टपाल कचेरीत आहे. मागच्या उन्हाळ्यात ती आमच्याकडे आली होती, तेव्हा स्वयंपाकघरात नळ पुरा सोडून तिने मला सांगितलं होतं. त्रेचाळीसच्या नोव्हेंबरात एका पहाटे ट्रक आले आणि डोंगरातली काराचाय गावंच्या गावं उचलून नेली. म्हातारी, पोरं, सगळी. नंतर तीन दिवस दूध न काढलेल्या गाई हंबरत होत्या आणि तो आवाज खाली खोऱ्यापर्यंत यायचा. त्या लोकांच्या नावाने येणाऱ्या पत्रांवर 'पत्ता अस्तित्वात नाही' असा शिक्का मारायचा हुकूम आला. गावांची नावं बदलली. त्या लोकांचं नाव छापायचं नाही आणि घ्यायचंही नाही. ती तेव्हा म्हणाली होती, "विसर हे तू." आणि मी इमानदारीने विसरले होते.

त्रेचाळीस साली अग्निया पेत्रोव्ना अजून वेढ्यातच होत्या. त्यांना कुठून माहीत असणार? कुठे छापून आलंच नव्हतं.

मी खोटं सांगणार नाही. पहिली दहा मिनिटं मी स्वतःचाच विचार केला. गप्प बसले तर कदाचित कुणाच्याच लक्षात येणार नाही. बोलले, तर मला हे माहीत असणं हाच एक गुन्हा. पण प्रत्येक कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत टाइपिस्टची आद्याक्षरं असतात, आणि याही कागदाच्या तळाशी माझी होती. घरी माझी दोन पोरं होती. जाझ वाजवला तर काय होतं ते तरी ठाऊक होतं. शत्रू ठरवून हाकललेल्या लोकांची सरकारी कागदावर तारीफ करण्याला काय शिक्षा असते ते मला माहीत नव्हतं, आणि विचारणार कुणाला?

मी चौदा नंबरच्या खोलीत, अग्निया पेत्रोव्नांकडे गेले. तिथे नळ नव्हता, म्हणून मी त्यांना म्हणाले, "काहीतरी वाजवा. पेडल न दाबता."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता एक जुना वॉल्ट्झ सुरू केला. मी वाकून कानात सगळं सांगितलं. हात वाजवत राहिले, एक सूरही चुकला नाही. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "हे तुला कुणी सांगितलं ते मला सांगू नकोस."

"नाही सांगत."

"सगळेच नेले? म्हाताऱ्यासुद्धा?"

"सगळेच."

वॉल्ट्झ संपला. "मी वेन्याला आगीतून काढून फुफाट्यात टाकलं," त्या म्हणाल्या. "आणि तुलाही. चल, पोर्फिरी कुझमिचांकडे."

पोर्फिरी कुझमिच चहा पीत होते. ऐकता ऐकता त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला.

"मी सही केलीय," ते म्हणाले. "वाचून नाही केली. पण केलीय."

"म्हणूनच तुमच्याकडे आलो," अग्निया पेत्रोव्ना म्हणाल्या. "कागद परत आणायला हवा."

"पहिल्या विभागातून? तिथून कधी काही परत येतं का? आणि कारण काय सांगू? वहीत कारण लिहावं लागतं."

पहिला विभाग म्हणजे कॉरिडॉरच्या टोकाची पत्रा ठोकलेली खोली. तिथला माणूस मॉस्कोची थैली बांधायचा आणि आम्हा सगळ्यांच्या फायली ठेवायचा. तो दिवसभर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसायचा. त्याच्यापुढून जाताना लोक आपसूक हळू चालायचे.

"शिक्का," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते कसं निघालं कोण जाणे. "शिक्का वाकडा उमटलाय म्हणा. वाकड्या शिक्क्याचा कागद मॉस्को परत पाठवतं. मागच्या महिन्यात दोन आले होते."

"वाकडा आहे का?"

"नाही."

पोर्फिरी कुझमिचांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना नेवा नदीच्या पातळ बर्फावरून चालत जायला सांगत होते. मग कोटाची बटणं लावली, केस चापून बसवले आणि गेले. सव्वातीन झाले होते. आम्ही दोघी त्यांच्या खोलीत उभ्या राहिलो. बसायचं सुचलंच नाही. अग्निया पेत्रोव्नांच्या एका हाताची बोटं दुसऱ्या हातावर काहीतरी वाजवत होती. मी कान देऊन कॉरिडॉरमधली पावलं मोजत होते.

वीस मिनिटांनी ते परत आले. लिफाफा हातात होता आणि कॉलर घामाने भिजली होती.

"म्हणाला, मला तर शिक्का सरळ दिसतो. मी म्हटलं, लेनिनग्राडसाठी सरळ आहे, मॉस्कोसाठी जरा वाकडा. हसला. मग म्हणे, आत काय आहे? मी म्हटलं, गाणं. म्हणे, कुठलं? म्हणून दाखवा."

"आणि?"

"म्हटलं की! या वयात, त्या पत्र्याच्या दारामागे उभं राहून, तिकीटवाल्या पोरीचं गाणं म्हटलं मी." त्यांनी रुमालाने मान पुसली. "त्याचा पाय हलत होता, अग्निया पेत्रोव्ना. नको तिथे, अर्धी मात्रा उशिरा. आणि म्हणाला, छान आहे. पाचच्या आत आणून द्या."

पाचला दीड तास उरला होता.

आता प्रश्न असा की लिहायचं काय. मूळ काढून टाकलं तर उरतो फक्त जाझ, आणि तिसऱ्या प्रश्नाखाली वेन्यामिन इसाकोविचांचं नाव. शिवाय हे डोंगरातलं श्रमगीत आहे, असं मंडळापुढे मान्य होऊन बसलं होतं. ज्यांनी ऐकलं त्यांना लोकांचं नाव कदाचित आठवणार नाही, पण डोंगर आठवणार.

"दुसरे लोक शोधा," पोर्फिरी कुझमिच म्हणाले. "डोंगरात काय एकच जमात राहते? पण जे आहेत असे शोधा. अजून आहेत असे."

"ते कसं कळायचं?" मी विचारलं. "यादी थोडीच असते."

मग अग्निया पेत्रोव्नांनाच सुचलं. त्यांच्याकडे चौतीस सालचा पथकाचा घडीचा नकाशा होता. मी ग्रंथालयातून शाळेचा या वर्षीचा नवा नकाशासंग्रह आणला. सेटवर वर्गखोली लावायचीय अशी थाप मारली. दोन्ही शेजारी शेजारी पसरले आणि आम्ही तिघं त्यावर वाकलो.

जुन्या नकाशावर त्या बोट ठेवायच्या आणि मी नव्यात ते नाव शोधायचे.

"काराचाय."

"नाही."

"बाल्कार. इथे जोडनाव होतं, कबार्दिनो-बाल्कार."

"इथे नुसतं कबार्दिन आहे."

"चेचेन. इंगुश."

"नाही. इथे ग्रोझ्नी प्रांत असं काहीतरी आहे."

"आणि वर काल्मिक. गवताळ सपाटीवरचे."

मी वर बघितलं. "तेही नाहीत."

मला एकाच जमातीची गोष्ट माहीत होती. बाकीच्यांची माझ्या नणंदेलाही माहीत नव्हती. शाळेतली पोरं तो नकाशासंग्रह दप्तरात घालून फिरत होती.

"बोट उचला हो," पोर्फिरी कुझमिच म्हणाले. "कागदावर डाग पडेल."

अग्निया पेत्रोव्नांनी बोट थोडं पूर्वेला सरकवलं. "उत्तर ओसेटिया. माझ्या नकाशात एवढंसं आहे. तुझ्यात?"

"माझ्यात बरंच मोठं आहे. इकडे सरकलंय."

"वाढलेत?" पोर्फिरी कुझमिचांनी विचारलं.

"वाढलेत."

"मग तेच लिहा. जे वाढलेत ते राहणार."

मी नवा दाखला टाइप केला. ओसेटियन जनतेचे श्रमगीत. चार प्रती, चार शिक्के, सगळे सरळ. पण परिशिष्ट उरलं होतं. वहीतलं ते मूळ पान मंडळाने पाहिलं होतं, त्यावर कालचा नोंद क्रमांक पडला होता, ते बदलून चालणार नव्हतं. नव्या कागदावरची ताजी शाई मॉस्कोत लगेच ओळखली असती. पानाच्या माथ्यावर जांभळ्या शाईत ओळी होत्या, आणि सुरांखाली गाण्याचे शब्द, तीन ओळी, त्यांच्या भाषेत.

सुरावटींच्या नकला करणारे लोक चुकलेला सूर खोडत नाहीत, पात्याने खरवडतात. दाढीचं अर्धं पातं, बोटांत आडवं धरलेलं. कागदाचा वरचा पापुद्रा तेवढा निघतो, मग ती जागा नखाने घासून गुळगुळीत करायची, म्हणजे नवी शाई पसरत नाही. अग्निया पेत्रोव्नांचा त्यात हातखंडा होता. त्यांनी दिवा जवळ ओढला आणि माथ्यावरच्या ओळी मला मोठ्याने वाचून दाखवल्या.

"बायदीमात, एल्मुर्झाची मुलगी. वय एकसष्ट." मग म्हणाल्या, "बापाचं नाव मी लिहिणार नव्हते. तिने लिहायला लावलं. म्हणाली, या गावात दोन बायदीमात आहेत आणि दुसरी बेसूर गाते. उद्या मॉस्कोत लोकांना वाटेल ती मीच."

"फोनोग्राफच्या मेणाच्या रोळावर आवाज घेतला होता ना त्यांचा?"

"रोळ वेढ्यात फुटला. छतावर गोळा पडला तेव्हा. हेच पान आहे."

आणि त्यांनी पातं टेकवलं. आधी गावाचं नाव गेलं. मग वय. 'एल्मुर्झाची मुलगी' हे शब्द थोडे दाबून लिहिलेले होते, त्यांना वेळ लागला. बायदीमात शेवटी गेली. प्रत्येक शब्दानंतर त्या कागदावर फुंकर मारायच्या आणि जांभळट भुसा टेबलावर उडायचा. त्या रडत नव्हत्या. हात स्थिर होता.

सुरांखालच्या शब्दांपाशी त्या थांबल्या. "शब्द नको राहायला. ओसेटियन भाषा येणारा एखादा तरी मॉस्कोत असेलच."

"मी दुसरीकडे उतरवून घेऊ का?" मी विचारलं.

"कुठे ठेवशील?"

आमच्या घरात सहा कुटुंबांचं एकच स्वयंपाकघर होतं.

"मी पाठ करते," त्या म्हणाल्या. "तीनच ओळी आहेत."

एक एक शब्द त्या पुटपुटायच्या, दोनदा, तीनदा, चालीवर, आणि मग खरवडायच्या. अर्थ त्यांनाही माहीत नव्हता. पोर्फिरी कुझमिच दाराला पाठ लावून उभे होते. पाचला दहा कमी असताना सगळ्या सुरांखालची जागा रिकामी झाली. त्यांनी माथ्यावर त्याच जांभळ्या शाईत 'ओसेटियन, स्त्रियांचा समूह, शब्दरहित' असं लिहिलं, आणि पान उजेडासमोर धरलं. खरवडलेल्या जागी कागद पातळ झाला होता आणि दिवा आरपार दिसत होता.

"लिफाफ्यात दिवा नसतो," पोर्फिरी कुझमिच म्हणाले, आणि पान घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी वेन्यामिन इसाकोविच आले. बारीक, ठेंगणे, हॅट दोन्ही हातांत धरून बोलायची सवय. अग्निया पेत्रोव्नांनी त्यांना नवा दाखला पाठ करायला सांगितला. उद्या कुणी बोलावून विचारलं तर तेच सांगायला हवं होतं.

"सोमवारी तुम्ही म्हणालात की मी काराचायांकडून घेतलं," ते म्हणाले. "आज कुणाकडून?"

"ओसेटियनांकडून. मी तुम्हाला ती चाल वाजवून दाखवली होती, सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात, याच खोलीत. लक्षात ठेवा."

"बरं. चांगले लोक आहेत का?"

"आहेत," अग्निया पेत्रोव्ना म्हणाल्या. "अजून आहेत."

त्यांनी हॅट फिरवली. ते हुशार होते, त्यांना कळलं. "अग्निया पेत्रोव्ना, ज्यांच्याकडून खरं घेतलं त्यांचं नाव घेता येत नाही, आणि ज्यांच्याकडून घेतलंच नाही त्यांचंही नाही. माझ्यासारख्या चोराला इतकी माणसं आडोसा देताहेत, हे काही बरं नाही."

"घरी जा, वेन्या. बायकोजवळ बसा."

मग वाट बघणं सुरू झालं. एकोणीस दिवस. लिफ्ट, टेलिफोन, जिन्यावरचे बूट. रात्री घरी मी नवऱ्याशी भांडायचे आणि पोरांना उगाच जवळ घेऊन बसायचे. अग्निया पेत्रोव्नांचं वजन उतरलं. कचोरी अर्धी खाऊन त्या रुमालात बांधून ठेवायच्या. कधी दार उघडून मी आत गेले तर त्यांचे ओठ हलत असायचे. त्या तीन ओळी म्हणत असायच्या. मला बघून थांबायच्या आणि दुसरंच काही बोलायच्या.

विसाव्या दिवशी मॉस्कोचं उत्तर आलं. कॉकेशसच्या लोकसंगीताचा प्रशंसनीय उपयोग. तुतारीच्या तोंडावरचा बोळा काढून ती अधिक उत्साहाने वाजवावी. वेन्यामिन इसाकोविच वाचले. आम्ही सगळेच वाचलो. पोर्फिरी कुझमिचांनी कपाटातून व्होडका काढली आणि तिघांना अंगठ्याएवढी ओतली. प्यायल्यावर ते रडले, आणि कोणासाठी ते त्यांनी सांगितलं नाही.

सिनेमा ऑगस्टमध्ये लागला. एका रविवारी दुपारच्या खेळाला आम्ही दोघी गेलो. गाणं आधीच रेडिओवरून सगळीकडे पोचलं होतं, त्यामुळे पडद्यावर तिकीटवाल्या पोरीने तोंड उघडताच अर्धं थिएटर तिच्याबरोबर गाऊ लागलं. बोळा काढल्यामुळे तुतारी कानठळ्या बसवत होती, पण सातव्या आवर्तनात गंधार लोंबकळला तो लोंबकळलाच, आणि माझ्या ओळीतले सगळे पाय अर्धी मात्रा उशिरा हलले. मला फार आनंद झाला होता. मी अग्निया पेत्रोव्नांचा हात दाबला. तो गार होता.

बाहेर उन्हात क्वासची, म्हणजे पाव आंबवून केलेल्या पेयाची, गाडी उभी होती. आम्ही रांगेत उभ्या राहिलो. पुढची दोन पोरं तेच गाणं गात होती.

"तास्या," त्या माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "तिसरी ओळ गेली."

"कुठली तिसरी?"

"तिची. पहिल्या दोन आहेत. कालपर्यंत तिसरीपण होती. म्हणजे, मला वाटत होतं की आहे." त्यांनी डोळे मिटून गुणगुणायला सुरुवात केली. पहिली ओळ त्या अनोळखी भाषेत आली, दुसरीही आली, एक शब्द जरा अडखळला. तिसरीला त्या थांबल्या, पुन्हा मागे गेल्या, पुन्हा आल्या.

"आठवेल," मी म्हणाले. "शांतपणे बसलात की आठवेल."

"कोणाला विचारू?" त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, ट्रामचा नंबर विचारावा तसं.

त्यानंतर सात-आठ वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खोलीत काम केलं. काम नसलं की पेडल दाबून त्या हळूच बायदीमातचं ते गाणं वाजवायच्या आणि तोंडाने म्हणायच्या, आणि मी भिंतीपलीकडे टाइपरायटर थांबवून ऐकायचे. तिसऱ्या ओळीला आल्या की त्यांच्या तोंडात दर वेळी तिकीटवाल्या पोरीचेच शब्द यायचे.